लांडग्याचे व्हाउचर

लांडग्याशी माझा संबंध निव्वळ कागदोपत्री. पण ज्याचे व्हाउचर निघते ते बँकेच्या कारकुनाला परके नसते, आणि अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लांडग्याचे व्हाउचर निघत असे.

त्याचे असे झाले. १८८०च्या सुमारास शिकाऱ्यांनी तिथल्या माळावरचे बायसन, म्हणजे तिकडचे दांडगे गवे, जवळजवळ संपवले आणि त्या जागी रँचवाल्यांनी गुरे सोडली. लांडगा आपला नेहमीच्याच पंगतीला बसला; ताटातला पदार्थ दुसऱ्यांनी बदलला, त्याला तो काय करणार?

१८८४ साली सरकारने दर लांडग्यामागे एक डॉलर बक्षीस लावले. त्या वर्षी ५,४५० कातडी जमा झाली! आमच्या काउंटरवर इतकी गर्दी पेन्शनच्या दिवशीसुद्धा नसते. पण पैसे देणारे जनावर समूळ संपवील तो शिकारी कसला? काही बहाद्दर पिल्ले मारीत आणि मादी राखून ठेवीत. मुद्दलाला हात न लावता व्याज खायचे! १९०५ साली तर तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला : लांडगे धरा, त्यांना खरूज लावा आणि कळपात परत सोडा. इथे मात्र हसू येत नाही हो.

१९२६पर्यंत शेजारच्या यलोस्टोन उद्यानातलेही लांडगे संपले. मग १९९५-९६मध्ये सरकारनेच कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडले.

रँचवाल्याने काय करायचे? १९८७पासून ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ ही संस्था भरपाई देत होती. मात्र पुरावा हवा. तपासनीस येऊन मेलेल्या गाईचे कातडे सोलून पाहणार. आत रक्त साकळलेले असेल तर गाय जिवंत असताना चावा बसला. खात्री पटली तर पूर्ण पैसे, नुसताच दाट संशय असेल तर निम्मे. पण डोंगरात चरायला गेलेले वासरू परतलेच नाही तर? अस्वले आणि कावळे व्हाउचर शिल्लक ठेवत नाहीत. या बाबतीत मी सरळ रँचवाल्याच्या बाजूचा.

कुंपणाला दोरीवर लाल फडकी लावण्याचाही उपाय आहे. लांडगा ती ओलांडायला बिचकतो. काही आठवड्यांनी सरावतो. आमच्या साहेबांच्या मेमोंचेही असेच होते.

२०२१ साली मोंटानाने लांडगा मारणाऱ्याला पैसे देण्याची सोय पुन्हा केली. या खेपेला ‘बक्षीस’ हा शब्द नाही. ‘खर्चाची परतफेड’ आहे. आम्ही याला हेड बदलणे म्हणतो.