सही कोणाची, जबाबदारी कोणाची : महापौर ओकी हॉल यांचा खटला

एब्राहम ओकी हॉल (१८२६–१८९८) १८६९ पासून १८७२ पर्यंत न्यूयॉर्कचे महापौर होते. त्याआधी अनेक वर्षे ते त्याच शहरात सरकारी वकील होते, म्हणजे लबाडी ओळखणे हा त्यांचा पेशाच. तरीही राजकीय पुढारी विल्यम ट्वीड याच्या टोळीने तिजोरी लुटली ती त्यांच्या सहीच्या बिलांवर.

१८७० मध्ये शहराची नवी सनद आली. काऊंटीची जुनी देणी तपासण्याचे काम कायद्याने तिघांकडे दिले : हॉल, हिशेबप्रमुख रिचर्ड कॉनोली आणि खुद्द ट्वीड. तपासणी प्रत्यक्षात सोपवली गेली ऑडिटर जेम्स वॉटसनवर, आणि तो टोळीचाच माणूस. अशा रीतीने साठ लाख डॉलरहून अधिक रकमेची बिले मंजूर झाली. त्यांतला मोठा भाग कोर्टाच्या नव्या इमारतीचा होता. तिच्यासाठी मुळात अडीच लाख डॉलर ठरले होते.

जुलै १८७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशेब छापले. कर्तव्यात कसूर केल्याच्या आरोपाला हॉल यांचे उत्तर असे : बिल प्रमाणित होऊन आले की महापौराची सही हा निव्वळ दप्तरी सोपस्कार. हा बचाव वाटतो तितका पोकळ नाही. महापौर काही गिलाव्याचे माप घ्यायला शिडीवर चढत नाही. पण कायद्याने तपासणी सोपवली होती ती या तिघांवर, वॉटसनवर नव्हे. सही दुसऱ्याच्या विश्वासावर करता येते. तपासण्याचे कर्तव्यच दुसऱ्याच्या गळ्यात घातले, तर सहीला अर्थ उरत नाही. माझ्या मते बचाव इथे कोसळतो. ज्यूरीला तसे वाटले नाही. पहिल्या खटल्यात ज्यूरीतला एक सदस्य वारला, दुसऱ्यात एकमत झाले नाही, आणि १८७३ च्या अखेरीस हॉल निर्दोष सुटले.

याउलट, १८८२ मध्ये बफेलोचे महापौर ग्रोव्हर क्लीव्हलँड, तेही वकीलच, यांनी रस्ते झाडण्याचे ४,२२,५०० डॉलरचे कंत्राट नाकारले, कारण त्याहून लाखभर डॉलरने स्वस्त निविदा हातात होती. तुलना पूर्णपणे न्याय्य नाही : त्यांच्याकडे नकाराधिकार होता, हॉल यांच्यापुढे देणी होती. समोरचा कागद वाचण्याची मुभा मात्र दोघांनाही सारखीच होती.

सुटल्यावर हॉल यांनी १८७५ मध्ये स्वतःच लिहिलेल्या नाटकात खोटा आळ आलेल्या माणसाची भूमिका केली. पुढे जेम्स ब्राइस यांच्या अमेरिकेवरील ग्रंथात ट्वीड टोळीवर प्रकरण आले, तेव्हा हॉल यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. नंतरच्या आवृत्तीतून ते प्रकरण गाळले गेले.