औषधदानाचा ताळेबंद

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पैकी औषधदानाच्या भावनेतून दवाखाने व रुग्णालये उभी राहतात. किती रुग्णांनी लाभ घेतला, किती रक्कम खर्ची पडली, हे त्यांच्या वार्षिक अहवालात छापले जाते. परंतु उपचार घेऊन गेलेल्या रुग्णास पुढे गुण आला की नाही? हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट कॉडमन (१८६९-१९४०) यांनी जाहीरपणे विचारला आणि त्याची मोठी किंमत मोजली.

कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया करीत. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे. त्यावर लक्षणे, निदान व उपचार लिहावेत. वर्षभराने चौकशी करून अंतिम परिणाम नोंदवावा आणि अपयश आल्यास त्याचे कारण शोधावे, अशी त्यांची साधी पद्धत होती. शल्यविशारदांना बढती ज्येष्ठतेनुसार न देता परिणाम पाहून द्यावी, हा त्यांचा आग्रह मात्र मान्य झाला नाही. १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये भर सभेत त्यांनी वाळूत तोंड खुपसलेल्या शहामृगाचे व्यंगचित्र दाखविले. सोन्याची अंडी मिळत असता सत्य पाहायचे कोणी, असा त्याचा रोख होता. परिणामी त्यांना स्थानिक वैद्यक संस्थेतील अध्यक्षपद सोडावे लागले.

तरीही ते थांबले नाहीत. १९११ मध्ये सुरू केलेल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९१६ पर्यंत ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांतील १२३ चुका कॉडमन यांनी स्वतः नोंदविल्या आणि छापून प्रसिद्ध केल्या. ज्ञान अपुरे पडले, निर्णय चुकला, काळजीत उणीव राहिली की निदान फसले, असे त्यांचे वर्गीकरणही केले. व्यवसायाचे नुकसान सोसून केलेले हे कार्य होते.

त्यांच्या विचाराचे बीज मात्र रुजले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने रुग्णालयांची तपासणी हाती घेतली. पहिल्या पाहणीत शंभरावर खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी अवघी ८९ किमान निकषांस उतरली. ती यादी बाहेर फुटू नये म्हणून १९१९ मध्ये जाळून टाकण्यात आली! कॉडमन यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसविण्यात आला.

व्यापारी पेढीवर नुकसानीची रक्कमही खतावणीत चढते, तेव्हाच ताळेबंद खरा ठरतो. आलोचना व प्रतिक्रमण यांतही दोषांचा प्रथम स्पष्ट उच्चार आहे, मग शुद्धी. धर्मादाय रुग्णालयांच्या अहवालात रुग्णसंख्येच्या शेजारी परिणामांचाही एक रकाना असावा. औषधदान रुग्णापर्यंत खरोखर पोहोचले की नाही, हे त्या रकान्यावरूनच कळेल.