पुन्हा एकत्र कोण येतं? रेडिओ सिलोन, नागपूर आणि 'आमच्या वेळची' गाणी

'आमच्या वेळची गाणी' असं आपण सहज म्हणून जातो. त्यातल्या 'आमच्या'बद्दल बरंच बोललं जातं, पण 'वेळ' कोणी ठरवली हे फारसं कोणी विचारत नाही. मी इतिहासाच्या बाजूनं बोलणार आहे, त्यामुळे आज थोडं त्या 'वेळे'बद्दल.

मानसशास्त्रवाले सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला सर्वांत ठळक राहतात, गाण्यांच्या तर विशेषच. खरं आहे. पण एवढ्यानं भागत नाही. त्या वयात कानावर काय पडणार हे वय ठरवत नाही. ते सरकार ठरवतं, कंपनी ठरवते, घरात रेडिओ आहे की नाही यावर ठरतं.

आता आपल्याकडचं बघा. नागपूर आकाशवाणी सुरू झाली जुलै १९४८ मध्ये. पुढे १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. म्हणजे आपलाच मराठी माणूस. पुण्यात जन्मलेला, पॅरिसला शिकलेला, शास्त्रीय संगीताचा जाणकार. त्यांचं मत पक्कं होतं: सिनेमाचं गाणं देशाची अभिरुची बिघडवतं. आधी गाण्यांचं प्रमाण कमी केलं, निवडीला चाळणी लावली, मग सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं. (पेटीवर तर आकाशवाणीत १९४० पासूनच बंदी होती, ती केसकरांनी उठवली नाही. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

झालं काय? लोकांनी काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजांसाठी सिलोनात ताकदवान शॉर्टवेव्ह यंत्रणा उभी राहिली होती. तीच पुढे रेडिओ सिलोनच्या कामी आली. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, रात्री आठ वाजता तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. टूथपेस्टची जाहिरात, अमीन सयानींचा आवाज. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून लाटांवर बसून परत आपल्याकडे यायची! मंत्र्यांनी दारातून घालवलेलं गाणं असं समुद्र ओलांडून खिडकीतून आत आलं. सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांना क्रम लावायला सांगत, बक्षीस शंभर रुपये. पत्रांचा इतका पाऊस पडला की पुढे ती स्पर्धा बंद करून क्रमवारी कार्यक्रमातच द्यायला लागले.

या पत्रलेखकांकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. झुमरी तिलैया सर्वांना माहीत आहे. पण फर्माइशींसाठी तितकंच प्रसिद्ध गाव म्हणजे भाटापारा. ते हावड्याच्या लाइनवर आहे, आज छत्तीसगडमध्ये. गीतमाला सुरू झाली तेव्हा मात्र भाटापारा ज्या राज्यात होतं, त्याची राजधानी नागपूर होती. एक पोस्टकार्ड, त्यावर गाण्याचं नाव आणि खाली घरच्यांची, मित्रांची नावं. कोलंबोहून आपल्या गावाचं नाव ऐकू येणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती! माझ्या मते ही पिढी गाण्याइतकीच त्या पुकाऱ्याची भुकेली होती. गाणं ऐकणाऱ्या हजारो अनोळखी लोकांत आपण आहोत, हे दर बुधवारी कळायचं.

सरकारनंही शेवटी हार मानली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. पण मधली पाच वर्षं गेली ती गेलीच. त्या पाच वर्षांत जे पंधरा-सोळा वर्षांचे होते, त्यांचं तरुणपण खरखरीसकट सिलोनवर नोंदलं गेलं.

आता 'बँड पुन्हा एकत्र येणं' या गोष्टीकडे येतो. इंग्लंड-अमेरिकेत ही मोठी घटना असते. ईगल्स १९९४ साली परत एकत्र आले. स्वीडनच्या आबांनी तर २०२२ पासून लंडनमध्ये स्वतःची तरुण डिजिटल रूपं मंचावर उभी केली. तिकडे गाणं त्या चार-पाच जणांचं असतं, ते फुटले की गाणं पोरकं होतं. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्याला असा बँडच नव्हता. संगीतकार एक, गायिका दुसरी, कवी तिसरा. वाजवणारे पन्नास जण रोजंदारीवर, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ. आणि तबकडीवर त्यांचं नाव नाही. मग एकत्र यायचं कोणी?

याचं उत्तम उदाहरण सी. रामचंद्र. म्हणजे रामचंद्र चितळकर. नागपूरकरांनी हे नाव अभिमानानं घ्यावं, कारण त्यांचं गाण्याचं शिक्षण काही काळ इथे, शंकरराव सप्रे गुरुजींच्या श्रीराम संगीत विद्यालयात झालं. वसंतराव देशपांडे त्याच गुरुजींचे शिष्य. एक पुढे रागदारीत आणि नाट्यसंगीतात गेला, दुसऱ्यानं १९५१ च्या 'अलबेला'त सगळ्या देशाला नाचवलं. केसकरांना जे गाणं नको होतं, ते नेमकं असं होतं! आणि त्या 'अलबेला'च्या झगमगाटात मोठा वाटा होता चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाचा. तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. आपल्या सिनेगाण्यातला हा खराखुरा बँड, पण 'अलबेला' म्हटलं की भगवानदादा आठवतात, फार तर सी. रामचंद्र. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला.

सी. रामचंद्र आणि लता मंगेशकर यांची जोडी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी तुटली होती. कारणांच्या चर्चेत मी जाणार नाही, त्यावर पुष्कळ खमंग लिहून झालंय. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत, चीनच्या युद्धानंतर, प्रदीपांचं 'ऐ मेरे वतन के लोगो' गायलं गेलं तेव्हा ती दोघं पुन्हा एकत्र आली. पण जुने दिवस काही परत आले नाहीत. एका प्रसंगासाठी जुळलेलं ते काम होतं.

मराठीतलं उदाहरण 'गीतरामायणा'चं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, छप्पन्न गाणी. तेव्हा ती अनेक आवाजांत होती. स्वतः सुधीर फडके होतेच, शिवाय माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे आणि आणखी कितीतरी. पुढे बाबूजींनी सगळी गाणी एकट्यानं मंचावर गायली आणि आपल्या मनात गीतरामायण म्हणजे तो एकच आवाज राहिला. बाबूजींच्या गाण्याला मी काय नावं ठेवणार! पण आठवण असं करते. ती ताफा विसरते आणि एक चेहरा धरून ठेवते.

तर मग आपल्याकडे एकत्र येतं कोण? कोणत्याही शनिवारी संध्याकाळी बघा. बर्डीचं जुनं धनवटे रंगमंदिर राहिलं नाही, पण सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत २०१७ पासून सुरेश भट सभागृह आहे. 'जुन्या गाण्यांची मैफल' लागते, हॉल भरतो. गाणारे असतात बँकेतले, वीज मंडळातले, निवृत्त मास्तर. मूळ कलाकार एकही नसतो, कोणाला त्याची खंतही नसते. आणि निवेदक कसा बोलतो? अमीन सयानींसारखा! 'बहनों और भाइयों' म्हटलं की टाळ्या. म्हणजे नक्कल सिनेमाची नसते, रेडिओची असते. पुन्हा जमलेला असतो तो श्रोत्यांचा ताफा, बुधवारी रात्री आठचा.

पण या शहरात आणखी एक गाणं आहे, आणि ते या हिशोबात बसत नाही. वामनदादा कर्डकांची आणि इतर शाहिरांची भीमगीतं. ती गीतमालेत कधी नव्हती. २०१७ मध्ये सारेगामानं 'कारवाँ' काढला, पाच हजार जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा. तो ज्या सिनेमाच्या आठवणीवर उभा आहे, तीत या गाण्यांना जागा नाही. पण १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर या, ती सगळीकडे वाजत असतात आणि म्हणणारे वीस वर्षांचे असतात. त्यांना कोणी 'जुनी गाणी' म्हणत नाही. ज्या गाण्याचं काम संपलेलं नाही, त्याच्या आठवणींचा कार्यक्रम होत नाही. सिनेगीताच्या प्रेमात बुडालेल्या माझ्या पिढीला हे थोडं झोंबेल, पण आहे असं.

कंपनी जतन करते ते तिच्या मालकीचं. नागपूर केंद्रावर पन्नास-साठच्या दशकांत सुगम संगीत गाणारे कितीतरी जण थेट स्टुडिओतून गायचे. टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरायचे. त्यातलं बहुतेक हवेत गेलं. वस्त्यांतल्या गायन पार्ट्यांचं, मोहल्ल्यातल्या ऑर्केस्ट्रांचंही तेच. जे उरलं असेल ते कुणाच्या तरी घरात, माळ्यावर, स्पूलवर किंवा कॅसेटवर आहे.

म्हणून एक काम सांगतो. घरी गेल्यावर ती कॅसेट लगेच जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, फीत अडकून तुटते. आधी ती उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा. घरात कोणी सांगणारं असेल तोवर वरच्या कागदावर लिहून घ्या: कुठे, कधी, कोण गायलं. आणि तबल्यावर, पेटीवर, अॅकॉर्डियनवर कोण होतं, हे आवर्जून लिहा. चिक चॉकलेटचं झालं ते त्यांचं होऊ नये. मग ज्याला हे काम येतं त्याच्याकडून डिजिटल प्रत करून घ्या.

मला दिलेली वेळ झालेली आहे. मागच्या रांगेत एक हात कधीचा वर आहे, तिथून सुरुवात करू.