पडद्यामागची ट्यूब

पुण्याला आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवले की अर्धा मिनिट तो गप्प बसायचा, मग हिरवा डोळा उजळायचा आणि मागाहून आवाज यायचा. तिथल्या व्हॉल्व्हला इथे ट्यूब म्हणतात, हे न्यू जर्सीत आल्यावर कळले. निवृत्त झाल्यावर त्या आठवणीनेच बेसमेंटमध्ये ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. सौ. म्हणाली, "दुकानात तयार मिळतो ना?" मिळतो. पण मला आईच्या ओव्या ऐकायच्या होत्या, १९८४ च्या सुट्टीत टेप केलेल्या आणि पुढे मुलीने सीडीवर उतरवून दिलेल्या. त्या स्वतः बांधलेल्या यंत्रावर ऐकायच्या, एवढाच हट्ट.

अ‍ॅम्प्लिफायर सिंगल-एंडेड होता, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर एकच ट्यूब आणि आवाजाची सगळी लाट तिनेच उचलायची. ती ट्यूब ३००बी. हळू आवाजात सुरेख वाजले. पण आईने स्वर चढवला की आवाज फुटायचा. दोष ३००बीचाच असणार म्हणून महागडी नवी जोडी मागवली. पुन्हा तेच! मग लायब्ररीतून जुनी पुस्तके आणली, आणि बिघाड शोधता शोधता इतिहासात शिरलो.

जॉन फ्लेमिंगची दोन टोकांची ट्यूब १९०४ ची. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तीत तिसरा घटक घातला. त्यालाच पुढे ग्रिड म्हणू लागले. या ट्यूबची सुधारलेली आवृत्ती वापरून १९१५ मध्ये न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला. पुढे बोलपट आले आणि थिएटर भरेल एवढा आवाज हवा झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००ए १९३३ च्या सुमाराची, ३००बी १९३८ ची. एका ट्यूबमधून मिळणार जेमतेम आठ वॅट, पण त्या काळचे कर्ण्याचे स्पीकर इतके कार्यक्षम होते की लहान थिएटरला तेवढे पुरे.

नाव झाले ते ३००बीचे. पण त्या कंपनीच्या लहान थिएटरांसाठीच्या ९१ए अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा पाहिला, तर शेवटच्या ट्यूबच्या आधी ३१०ए नावाच्या दोन पेंटोड दिसतात. अवघड काम त्यांच्याकडे होते. या कामाला म्हणतात ड्रायव्हर.

अवघड का, ते आकड्यांत सांगतो. ३००बी स्वतः व्होल्टेज चौपटही वाढवत नाही. तिच्याकडून पूर्ण काम घ्यायचे तर ग्रिडवर सुमारे ७४ व्होल्ट वर आणि ७४ खाली एवढा झोका द्यावा लागतो. शिवाय जॉन मिलरने १९२० मध्ये दाखवून दिले होते की ग्रिड आणि प्लेट यांच्यातली इवलीशी कपॅसिटी ट्यूब चालू असताना कितीतरी पटींनी जाणवते. ३००बीच्या बाबतीत ती सत्तरएक पिकोफॅरड होते. उंच स्वरांत हे भांडे सेकंदाला हजारो वेळा भरायचे आणि रिकामे करायचे, तर ड्रायव्हरच्या अंगात करंट हवा.

मी लावली होती १२एएक्स७. गेन साठाच्या आसपास, म्हणून खूश होतो. पण तिला पुरवठा दिला होता २५० व्होल्ट आणि करंट एक मिलिअँपिअर. प्लेट दीडशेवर उभी. तिथून ७४ खाली-वर जायला जागाच नव्हती. आईचा आवाज फुटत होता तो इथे, आणि मी मात्र दोन महिने पुढच्या ट्यूबला बोल लावत होतो.

मग ६एसएन७ घेतली. हिच्यात दोन ट्रायोड असतात. एका अर्ध्याचा गेन पंधरा-सोळा. सीडी प्लेयरच्या दोन व्होल्टवर तेवढ्याने ३००बी आठऐवजी तीनच वॅट देईल. म्हणून दोन्ही अर्धे एकामागे एक जोडले. दुसऱ्याला ३७५ व्होल्टचा पुरवठा आणि आठ मिलिअँपिअर दिले. आता गेन गरजेपेक्षा जास्त आहे, बटण फारसे फिरवावे लागत नाही, ते चालेल. (कुणाला करून पाहायचे असेल तर एक सांगतो: यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटर जिवावर उठू शकतात. आधी ते रिकामे करा, मीटरने तपासा, मगच हात घाला.)

१९४७ मध्ये विल्यमसनचा दोन ट्यूबचा पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर आला, मग ट्रान्झिस्टर आले आणि सिंगल-एंडेड मागे पडला. जपानमधल्या हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला. १९८८ मध्ये बंद पडलेली ३००बी आज पुन्हा अमेरिकेतही बनते. जाहिरातीत फोटो मात्र अजून तिचाच!

गेल्या रविवारी सीडी लावली. आईचा स्वर चढला आणि चढलेलाच राहिला. सौ. पोळ्या टाकून खाली आली आणि पायरीवर बसली. ओवी संपल्यावर म्हणाली, "यात मागे बांगड्यांचा आवाज आहे, तुम्ही कधी ऐकला होतात?"

नव्हता ऐकला.