दिनविशेष : २६ ऑगस्ट
२०१३ : सीरियातील यादवी युद्धात विषारी वायूचा वापर झाला का, याचा शोध घेण्यासाठी निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाच्या गाडीवर दमास्कसजवळ गोळीबार झाला. पथकाने मागे फिरून गाडी बदलली आणि त्याच दिवशी ते मुआदमिया उपनगरात पोहोचले!

योगायोग असा, की स्वीडिश शास्त्रज्ञ ओके सेलस्ट्रॉम यांचे हे पथक १८ ऑगस्टलाच दमास्कसमध्ये आले होते, तेही आधीच्या तक्रारी तपासायला. तीनच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या पहाटे, राजधानीला लागून असलेल्या घौटा भागात (मुआदमिया त्यातच येते) विषारी वायूची रॉकेट्स पडली आणि शेकडो माणसे दगावली. तपासनीस मुक्कामाला होते त्या शहराच्या वेशीवरच हे घडले. तरीही तिथे पोहोचायला पाच दिवस लागले. सरीन हा विषारी वायू हवेत टिकत नाही. रक्तात, लघवीत, मातीत आणि रॉकेटच्या तुकड्यांवर मात्र त्याच्या खुणा राहतात. पथकाने नेमके तेच गोळा केले, रुग्ण आणि डॉक्टरांच्या जबान्या घेतल्या आणि नमुने युरोपातील प्रयोगशाळांकडे पाठवले.

१६ सप्टेंबरला अहवाल आला : रक्ताच्या ८५ टक्के नमुन्यांत सरीन आढळले होते. वायू कोणी सोडला, हे मात्र अहवालात नव्हते. तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच पथकाला दिलेला नव्हता. रॉकेट कोणत्या दिशेने आले असावे, एवढे मात्र अहवालाच्या परिशिष्टात नोंदवले होते.