'ध' चा 'मा' आणि यंत्राची आज्ञा

कोरेगावाहून साताऱ्याकडे निघाले की कृष्णेच्या काठी माहुली लागते. हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्याचा दोष रघुनाथरावांच्या पदरी घालणारे न्यायाधीश ते हेच. त्या खुनाची एक कहाणी घरोघर सांगतात. हुकूम लिहून झाला होता 'धरावे' असा; तो रवाना होण्यापूर्वी आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. इतिहासकार तिला आख्यायिकाच मानतात. पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. मजकूर पुरा झालेला असतो, कागद निघायचा असतो, आणि त्या अखेरच्या घटकेला फिरलेले एक अक्षर सारा अर्थ फिरवते.

कहाणीत हा फेर मुद्दाम केलेला आहे. न कळत पडणारा फेर मात्र पकडायला अधिक कठीण, कारण तो करणाराही निर्धास्त असतो.

आज असे हुकूम संगणकाला लिहून द्यावे लागतात. त्यांना आज्ञावली म्हणतात. आज्ञावलीत दोष सापडला की सबंध आज्ञावली नव्याने लिहीत नाहीत. एक छोटी दुरुस्ती जोडतात. इंग्रजीत तिला 'पॅच' म्हणजे चक्क ठिगळ म्हणतात. पूर्वी आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून देत, आणि चुकलेल्या जागी खरोखरच कागदाचे ठिगळ चिकटवीत, त्यावरून हे नाव पडले.

१९९१ च्या जून-जुलैत अमेरिकेत वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग या शहरांतले लाखो टेलिफोन एकाएकी मुके झाले. शोध घेता काय निघाले? कित्येक लाख ओळींच्या आज्ञावलीत मोजक्या ओळींची दुरुस्ती केली होती, आणि तीत 'डी' या अक्षराच्या जागी ६ हा आकडा पडला होता. आज्ञावलीची कसून तपासणी आधी झाली होती. पण दुरुस्ती एवढीशी, म्हणून ती सारी तपासणी पुन्हा केली नाही. 'ध' चा 'मा' झाला तो असा!

२०१४ साली ॲपल कंपनीच्या फोनमध्ये निराळाच प्रकार निघाला. एकच ओळ दोनदा पडली होती. पोथीची नक्कल करताना डोळा चुकतो आणि तीच ओळ पुन्हा उतरते ना, तसेच. त्या एका जादा ओळीमुळे समोरचा खरा की खोटा हे पाहणारी तपासणीच टळत होती. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका दुरुस्तीने जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहून पास द्यावे लागले. का? एका बाजूने २१ रकाने अपेक्षिले होते, दुसरीने २० च दिले.

ही माणसे अडाणी नव्हती. मग चूक राहते कशी? एक तर आपण लिहिलेले आपणच वाचू लागलो की डोळा कागदावरचे वाचत नाही, मनातले वाचतो. दुसरे, मोठ्या कामाला आपण भितो म्हणून जपतो. लहानाला भीत नाही. आणि तिसरे, शेवटी घाई असते. गाडी स्टेशनात उभी असताना बांधलेले गाठोडे वाटेत सुटते, त्यातलीच गत.

हे दूरदेशीचे पुराण नव्हे. आपला सातबारा आता संगणकावर आहे. समजा, वाघ्या घेवडा करणाऱ्या एखाद्या कोरेगावकराचे क्षेत्र आहे ०.४० हेक्टर, म्हणजे चाळीस आर. शून्य एक घर सरकले, ०.०४ झाले, की कागदावर चारच आर उरले! शिवारात बांध जागचा हललेला नाही. पण पीककर्ज मिळायचे ते कागदावरच्या चार आरांवर. महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ मध्ये अशा लेखनदोषाच्या दुरुस्तीची सोय आहे. पण आधी तो दोष कुणाच्या तरी ध्यानात यायला हवा.

म्हणूनच २०१७ साली राज्यात सातबाऱ्याचे चावडीवाचन झाले. उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा. ज्याची जमीन त्याने ऐकायचा. संगणकाच्या धंद्यातले जाणतेही हेच करतात. एकाने लिहिलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे पाठवीत नाहीत, आणि ठिगळ लावले की नुसते ठिगळ पाहत नाहीत, सारे वस्त्र झटकून पाहतात.

गुरुजनहो, पोरांना शुद्धलेखन घालताना एक करून पाहा. वही ज्याची त्याला तपासायला देऊ नका, शेजारच्याला द्या. आणि खोडून लिहिलेला शब्द असेल, तर सबंध वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावा. उद्या त्यातलाच कुणी तलाठी होईल, कुणी संगणकाला आज्ञा लिहील. त्याच्या हातून निघालेल्या अक्षरावर कुणाची तरी जमीन उभी असेल.