गोळी परत आली, पण मर्यादा घेऊन

रमजानमध्ये एका संध्याकाळी सीबीडी बेलापूरला कोकण भवनाजवळ एक ओळखीचे गृहस्थ भेटले. डिप्रेशनसाठी त्यांना ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. "रोज्यात सकाळची राहून जाते, म्हणून दोन्ही इफ्तारलाच घेतो," असे ते सहज बोलून गेले. मला मात्र या गोळीचा इतिहास आठवला.

हे औषध १९६९ साली बरोज वेलकम कंपनीत नरिमन मेहता यांनी तयार केले. मेहता भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली आणि १९८६ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. बुलिमिया हा खाण्याचा विकार असलेल्या ५५ रुग्णांना ते दिले होते. त्यांतल्या चौघांना फिट आली.

गोष्ट तिथे संपली असती. पण पुढे तपासाअंती कळले, की दोष मुख्यतः मात्रेचा होता. दिवसाला ३०० ते ४५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हजारी सुमारे चार जणांना फिट येते. ४५० ओलांडून ६०० पर्यंत गेले की धोका जवळपास दहापट होतो. म्हणून १९८९ मध्ये औषध परत आले ते ४५० ची कमाल मर्यादा घेऊनच. शिवाय एका वेळी किती घ्यायचे आणि दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर ठेवायचे, हेही ठरले. फिटचा आजार, बुलिमिया किंवा अॅनोरेक्सिया असलेल्यांना ते देऊ नये, असा इशारा जोडला गेला.

म्हणजे गोळ्यांमधले अंतर हा औषधाचाच भाग आहे. दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या की रक्तातले प्रमाण एकदम चढते. त्यात रमजानमधली अपुरी झोप. तीही फिटला निमंत्रण देते.

आपल्याकडे फिट आली की नजर लागली म्हणतात आणि डिप्रेशनची गोळी लपवून घेतात. लपवलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणार कोण? पण घाबरून ती मनानेच बंद करणेही तितकेच चुकीचे. आजाऱ्याला कुरआननेच रोज्यात सवलत दिली आहे. रमजानआधी डॉक्टरांना वेळापत्रक विचारून घ्यावे. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगावे.

त्या गृहस्थांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मग आम्ही खजूर घेतले.